रिपोर्ट आक्काचा होता

सोमवारी सकाळी सव्वानऊला आक्का गेली. बोटाला लावायच्या यंत्रावरचा शेवटचा आकडा मी आठ वाजता लिहिला होता, ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर. खोलीत तिचा मुलगा, सून सविता आणि मी तिचा धाकटा भाऊ, अशी तिघं होतो. त्याला आता दीड महिना झाला.

उमरग्यात आक्काची चुरमुऱ्याची भट्टी. एकतीस वर्षं ती धुरात बसून तापल्या वाळूत तांदूळ हलवायची. खोकला लागला तेव्हा धुराचाच असेल म्हणून आम्ही चार महिने घालवले. बेडका दोनदा तपासला, टीबी निघाला नाही. मग सोलापूरला स्कॅन झालं, फुप्फुसातला तुकडा काढून तपासला आणि रिपोर्ट माझ्या हातात आला. फुप्फुसाचा कॅन्सर, हाडापर्यंत पोचलेला. बिडी नाही, मिसरी नाही, अशा बाईला...

मी तो कागद पिशवीच्या आतल्या कप्प्यात घातला आणि तिला सांगितलं, फुप्फुसात पाणी झालंय. भाच्याला तेच बोलायला लावलं, डॉक्टरांना हात जोडले. आमच्याकडं असंच करतात; माणूस नावानंच खचतं म्हणतात. विजेच्या मीटरचा आकडाही दोनदा बघणारा मी, पण हे खोटं पाच आठवडे बिनचूक सांभाळलं.

दुसऱ्या केमोच्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी तिला विचारलं, तुमचा कुठला? मी चहा घेऊन दारात उभा होतो.

"फुप्फुसाचा," आक्का म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "पाण्याच्या औषधानं सगळ्या वार्डाचे केस गेलेत व्हय रं? काढ तो कागद."

तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी तिनं तो मांडीवर पसरला. डॉक्टर आले तेव्हा मला बाहेर घालवलं. काय बोलणं झालं ते नंतर तिनंच सांगितलं. बरा होणार नाही, पण औषधानं दम कमी लागेल, थोडे दिवस वाढतील. भट्टीमुळं झाला का, हेही तिनं विचारलं होतं. एकट्या माणसाचं खात्रीनं सांगता येत नाही, तंबाखू न घेणाऱ्यांनाही होतो, पण धूर फुप्फुसाला वाईटच, असं उत्तर मिळालं. तिला तेवढं पुरलं.

घरी येताच तिनं गवंडी बोलावला. भट्टी आता सविता बघत होती. आक्काला आडवं झोपता येत नव्हतं, पाठ ठणकायची, तोंडाची चव गेलेली. आधी एका दमात आठ-नऊ शब्द बोलणारी, आता तीनावर आली होती. त्या तीन शब्दांत तिनं काम करून घेतलं. अंगणात खुर्चीवर बसून धुराड्याकडं बोट करायची, "आणखी दोन फूट." गवंडी वैतागून म्हणाला, "आक्का, वर उडत्या इमानाला लागंल की." ती हसली, हसताना खोकली, श्वास जमवला आणि म्हणाली, "लागू दे. वर." धूर छपराच्या वरून गेला त्या दिवशी ऑक्सिजन नव्वद होता, आणि ती भट्टीपुढं अर्धा तास ताठ बसली होती... राणीसारखी.

ती गेल्यावर सविताला खोकला लागला, तीन आठवडे हटेना. भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, काही निघालं तर तिला कळू द्यायचं नाही. एक्स-रेच्या खिडकीवर लिफाफा माझ्याच हातात दिला, पुरुष माणूस म्हणून.

"मामा, तो माझा आहे," सविता म्हणाली.

मी दिला. ती एकटी डॉक्टरांकडं आत गेली. दहा मिनिटांनी बाहेर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"साफ आहे," ती म्हणाली. "आणि नसता, तरी मीच सांगितलं असतं."