आधी फुलं, मग बाई

"आधी फुलं, मग बाई!" सकाळची पुण्याची शटल आमच्या स्टेशनात शिरली, की मावशी असं ओरडायच्या आणि टोमॅटोचं रिकामं कॅरेट फलाटावर पालथं घालायच्या.

दौंड तालुक्यातलं आमचं स्टेशन तुम्ही खिडकीतून पाहिलं असेल, लक्षात राहिलं नसेल. विजेवरची नवी गाडी आली तेव्हा फोटो निघाले, हार घातले गेले. पण गाडीचं दार आणि आमचा बुटका फलाट यांच्यात कमरेएवढं अंतर आहे, हे एकाही शहाण्याला दिसलं नाही. राहू गावच्या या फुलवाल्या मावशींनी आपला उपाय काढला. शेवंतीच्या पाट्या आत द्यायच्या, कॅरेटवर पाय देऊन चढायचं आणि दोरीनं कॅरेट आत ओढायचं. हळूहळू आम्ही नोकरदारही त्याच कॅरेटवरून चढू लागलो.

एकदा पाहणीला आलेले साहेब गुरगुरले, "हे इथं चालणार नाही. धोका आहे."

"बरं. मंग तुमी वाका, सायेब. पाठीवरनं चढते."

एकदा पुण्यात मावशी हौसेनं मेट्रोत बसून आल्या. "दादा, तितं गाडी पायाशी येती. आन् हितं आपुनच गाडीच्या पाया पडायचं!"

आम्ही भांडभांड भांडलो, तेव्हा कुठं फलाट उंच झाला. मावशींनी नव्या कडेवर नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि कॅरेटची दोरी सोडून टाकली.

आणि मग गाडी जलद करायची म्हणून आमचा थांबाच काढला! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. ज्यांनी फलाट बांधला त्यांनीच तो निकामी केला, आणि आम्हाला विचारायची, निदान सांगायची गरज कुणाला वाटली नाही. त्या सकाळी मावशी पाटीला हात घालून उभ्या होत्या. "आधी फुलं..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. गाडी भोंगा देत निघून गेली.

मी दौंडपर्यंत मोटारसायकल दामटतो आणि तिथून तीच गाडी धरतो. पाट्या घेऊन त्या कशा जाणार? त्यांनी शेवंती मोडली, ऊस लावला. मी त्यांच्यावरच चिडलो.

"उसाला फलाट लागत न्हाई, दादा. कारखान्याची गाडी बांधावर येती." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

रोज सकाळी मी गाडीच्या दारात उभा असतो. आमचा फलाट येतो, अगदी माझ्या पायांच्या पातळीला, नुसतं पाऊल टाकावं इतका जवळ. गाडी वेग कमी करत नाही.