वस्त्रगाळ डिझेल

नावेच्या डिझेल इंजिनाला कोणता फिल्टर लावावा हे ठरवायची पाळी बँकेत कारकुनी करणाऱ्या बाईवर का यावी, असं कोणी विचारलं तर माझ्यापाशी एकच उत्तर आहे. माझे वडील भिक्षुक होते आणि त्यांचा आवाज बसला.

आम्ही गंगेकाठी बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत राहायचो. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पिंडदानं, गंगापूजन हे बाबांचं काम. आवाज खणखणीत. घाटावर ते संकल्प सांगायला लागले की नावेत बसलेली माणसंही मान वळवून बघायची. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि बसलेला आवाज काही उठला नाही. कुजबुज तेवढी उरली. कुजबुजीतही संकल्प सांगता येतो, देवाला तो ऐकूही जात असेल, पण यजमानाला उगाच वाटत राहतं की आपल्याला काहीतरी कमी मिळालं. हळूहळू यजमान दुसऱ्या गुरुजींकडे जायला लागले. जाताना न चुकता बाबांच्या पाया पडायचे. पाया पडण्याचाच बाबांना जास्त राग यायचा.

आमच्या यजमानांना नावेतून नेणारे एक मल्लाह होते. त्यांच्या वडिलांनी माझ्या आजोबांचे यजमान नेले होते, म्हणजे घरोबा जुना. मी त्यांना चाचा म्हणायची. त्या सुमाराला घाटावर मोटरबोटी वाढत चालल्या होत्या आणि वल्ह्याच्या नावेत बसायला कोणी तयार नव्हतं. चाचांना नावेला इंजिन बसवायचं होतं. बाबांनी साठवलेले पैसे काढले आणि त्या नावेत निम्मी भागी घेतली.

नातेवाइकांना वाटलं, म्हातारपणाची सोय केली. तसं नव्हतं. घरात बसून नफा घ्यायचा असता तर माझ्या बँकेत ठेव ठेवली असती, मी त्यांना चार पैसे जास्त व्याजही मिळवून दिलं असतं. बाबांना सकाळी उठून जायला काम हवं होतं. नाव त्यांना चालवता येणार नव्हती, गिऱ्हाइकाला हाका मारायला आवाज नव्हता. पण नावेच्या कामात आपलाही हात आहे, आपण नुसते पाया पडून घेण्यापुरते नाही, एवढं त्यांना हवं होतं. हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरजही नव्हती, एका घरात दोनच माणसं असली की असल्या गोष्टी कळतात.

शेवटी डिझेल त्यांच्या वाट्याला आलं. पंपावरून डबे यायचे, ते गाळून टाकीत ओतायचं. बाकीचे मल्लाह नरसाळ्याच्या तोंडाला जुन्या बनियनचा तुकडा लावून मोकळे व्हायचे. आमच्याकडे तसं चालणार नव्हतं. आमच्या आजोबांना औषधी चूर्णांचा नाद होता आणि वस्त्रगाळ म्हटलं की त्यापुढे शुद्धता नाही, अशी घरात समजूत होती. पिण्याचं पाणी वस्त्रगाळ, सुंठ वस्त्रगाळ, होळीच्या ठंडाईलासुद्धा फडक्याच्या चार घड्या. डिझेल या नियमातून कसं सुटणार? बाबांनी आपल्या जुन्या धोतराचं स्वच्छ फडकं काढलं, चौपदरी केलं आणि रोज सकाळी डबाभर डिझेल थेंबाथेंबानं गाळू लागले. मी म्हणायची, आता एक तुळशीपत्र तेवढं टाका. ते हसायचे आणि गाळत राहायचे.

आणखी एक होतं. कालचं फडकं पारोसं. पारोशा कपड्यानं पाणी गाळायचं नाही, तसं डिझेलही नाही. म्हणून आदल्या दिवशी साबणानं धुतलेलं फडकं सकाळी स्नानाच्या वेळी गंगेत पुन्हा बुडवून, पिळून, झटकून आणायचं आणि मगच कामाला लावायचं. उन्हाळ्यात घाटाच्या दगडावर ते बघता बघता वाळायचं. पावसाळ्यात वाळत नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मी त्या वेळी जेवणाचा डबा घेऊन बँकेच्या घाईत असायची.

पूर ओसरल्यावर नावा पुन्हा सुरू झाल्या आणि आमचं इंजिन खोकायला लागलं. दोनदा काठाजवळच बंद पडलं, त्याचं काही नाही. तिसऱ्यांदा नाशिककडचं एक कुटुंब रामनगरला निघालं असताना भर प्रवाहात बंद पडलं. पाणी अजून चढलेलंच होतं. नाव राजघाटच्या पुलाच्या खांबांकडे वाहत निघाली. दुसऱ्या मोटरबोटीनं दोर टाकला म्हणून निभावलं. नावेत बाबाही होते. त्यांना दोर द्या म्हणून ओरडता येत नव्हतं. ते उभे राहून उपरणं हलवत होते, असं चाचांनी मला नंतर सांगितलं.

घाटावरच्या मल्लाहांनी बैठक घेतली. घाटावर प्रत्येक नावेची पारी, म्हणजे पाळी, ठरलेली असते, आणि पारी गेली की गिऱ्हाईक गेलं. ठरलं असं, की ही नाव आणखी एकदा मधे बंद पडली तर या हंगामात तिला पारी नाही. त्यात यात्रेकरू घाबरले की सगळ्यांचंच नाव खराब होतं, तेव्हा त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा बँकेत आले. काउंटरसमोर टोपी हातात घेऊन उभे. मला वाटलं, भागी मोडायला आलेत. मी बाहेर गेले तर म्हणाले, “बिटिया, कपड़ा गीला रहता है. पानी तेल में जा रहा है.”

कधीपासून माहीत होतं, ते मी विचारलं. पाऊस सुरू झाल्यापासून, म्हणाले. मग बाबांना सांगितलं का नाही? तर म्हणे पंडितजींना कसं टोकायचं. त्यांच्या मुलाचं नाव बाबांनी ठेवलेलं. घरात लग्न निघालं की मुहूर्त बाबांचा. टाकीच्या तळाशी साठलेलं पाणी ते बाबा घरी गेल्यावर गुपचूप काढायचे, आणि धोतराचे तंतू इंजिनाच्या फिल्टरमधून सुईनं वेचायचे. आता पाणी आवरेना, म्हणून आले होते. असा फिल्टर आणू की कपड्याची गरजच राहणार नाही, आणि पंडितजींनाही काही कळणार नाही, असा त्यांचा बेत होता. फिल्टर मी निवडावा, कारण मी आणलेल्या वस्तूला बाबा नाही म्हणणार नाहीत.

शनिवारी अर्ध्या दिवसाची छुट्टी टाकून मी चाचांबरोबर मलदहियाला सुट्या भागांच्या दुकानात गेले. फिल्टर घेणं म्हणजे चहाची गाळणी घेण्यासारखं असेल, अशी माझी कल्पना. मी सगळ्यात बारीक जाळीचा मागितला. शेवटी मी बाबांचीच मुलगी, वस्त्रगाळच्या खाली उतरणार कशी? दुकानदारानं पान गालात सरकवलं आणि उलट मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. इंजिन किती सिलिंडरचं, टाकी इंजिनाच्या वर आहे की खाली, डिझेल डब्यातून येतं की थेट पंपावरून, आणि कचरा जास्त आहे की पाणी. बारीक फिल्टर पहिलाच लावला तर थोड्याच दिवसांत तो कचऱ्यानं चोंदेल आणि इंजिन उपाशी मरेल, असं त्याचं म्हणणं पडलं. आधी जाडसर, पाणी वेगळं करणारा लावायचा. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं, तिथेच त्याला अडवायचं. बारीक कागदी फिल्टर त्याच्यानंतर. आणि कापडी काही नको, कापड तंतू सोडतं आणि पाणी अडवत नाही.

हे सगळं पटण्यासारखं होतं. अडलं ते पुढे. पाणी वेगळं करणारे फिल्टर त्यानं दोन ठेवले. एक पत्र्याच्या डब्यासारखा, बंद. ठरावीक मुदतीनं काढायचा, फेकायचा, नवा फिरवून बसवायचा, मधे त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. दुसऱ्याला खाली काचेची वाटी आणि वाटीला तोटी. वाटीत पाणी साठलेलं डोळ्यांना दिसतं, आणि रोज सकाळी तोटी उघडून ते काढून टाकावं लागतं. दुकानदारानं काचेवाला बाजूलाच सरकवला.

“रोज पानी कौन निकालेगा?” तो म्हणाला.

चाचांनीही बंद डब्यावर बोट ठेवलं. त्यांचं बरोबर होतं. सकाळी पारीची घाई, त्यात ही आणखी एक कटकट. इंजिनाच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच. मी तो डबा हातात घेतला आणि मला आमचं घर दिसलं. बाबा सकाळी स्नान करून येतील, फडकं लागणार नाही, डबा गाळायचा नाही, आणि मग दिवसभर काय? मी काचेवाला घेतला.

बाबांपासून लपवायचा बेत मात्र मला झेपला नाही. वयस्क माणसाला लहान मुलासारखं गुंडाळलेलं मला खपत नाही, मग ते आदरापोटी का असेना. मी फिल्टर त्यांच्यासमोर ठेवला आणि सांगितलं, उद्यापासून गाळणं बंद, फडकं नावेवर न्यायचं नाही, तुम्ही रोज या वाटीतलं पाणी काढायचं. त्यांनी वाटी उजेडात धरून पाहिली, तोटी दोनदा फिरवली. मग कुजबुजत्या आवाजात विचारलं, “फडकं ओलं राहत होतं म्हणून?”

मी हो म्हटलं.

“त्याला माहीत होतं?”

मी पुन्हा हो म्हटलं. पावसापासून, हेही सांगितलं.

मला वाटलं होतं, आपल्या हातून नाव वाहून गेली असती याचं त्यांना वाईट वाटेल. वाटलं असेलच. पण ते बोलले ते वेगळंच.

“म्हणजे त्यानं मला भागीदार मानलंच नाही. पंडितच मानलं.”

दुसऱ्या दिवशी ते घाटावर स्नानाला गेले आणि नावेकडे न फिरकता परत आले. आठवडाभर तेच. फिल्टर चाचांनी मिस्त्रीकडून बसवून घेतला होता, वाटीतलं पाणीही तेच काढत होते. संध्याकाळी दाराशी येऊन म्हणायचे, पंडितजी आइए, आणि बाबा आतून हात जोडायचे. मला दोघांचाही संताप आला. एकानं आदरापायी गप्प बसायचं, दुसऱ्यानं आदर झाला म्हणून रुसायचं, आणि पारी जायला आलेली. मी सरळ घाटावर गेले आणि बाबांचं ते वाक्य जसंच्या तसं हिंदीत करून चाचांना ऐकवलं.

चाचा बराच वेळ दोराची गाठ सोडत बसले. गाठ सुटली तरी पुन्हा मारून पुन्हा सोडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “पंडितजी से कह दो, कटोरी का पानी हम नहीं निकालेंगे. वो उनका काम है. नहीं आएंगे तो नाव खड़ी रहेगी.”

हा निरोप मी घरी दिला. बाबांनी ऐकून घेतला आणि जेवायला बसले. सकाळी मला जाग आली तेव्हा ते निघून गेले होते.

रविवार होता म्हणून मीही थोड्या वेळानं खाली गेले. नावेत अहिल्याबाई घाटाकडे जाणारी मंडळी बसली होती. बाबा इंजिनापाशी वाकून, वाटीखाली प्लास्टिकची बाटली धरून पाणी काढत होते, कारण असलं पाणी गंगेत सोडणं त्यांना मंजूर नव्हतं. पाणी निघालं, बाटली त्यांनी नीट बूच लावून ठेवली, आणि तोटी बंद करायचं राहिलं. डिझेल नावेच्या तळाला वाहायला लागलं. चाचा सुकाणूपाशी होते. तिथून त्यांनी सगळ्या यात्रेकरूंदेखत आवाज चढवला की पंडितजी, आंखें घर रख आए हैं क्या, टोंटी खुली है, आधा तेल तो आपका भी है. नावेतली एक म्हातारी बाई चपापून हात जोडून उभी राहिली, ब्राह्मणाला असं बोलतात हे तिला सहन झालं नाही. बाबांनी तोटी बंद केली. मग कुजबुजीत उलट काहीतरी सुनावलं. ते इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही, पण हातवाऱ्यांवरून कडक असावं. चाचांनीही उत्तर दिलं. नाव सुटली तरी दोघांचं चालूच होतं.

दुपारी बाबा घरी आले ते डिझेलचा वास घेऊनच. पाय धुतले, पाटावर बसले.

“आज त्यानं मला सगळ्यांदेखत झापलं,” म्हणाले, आणि आणखी एक पोळी मागितली.