टेकडीवरचे पांढरे गोटे

आसेगावकडच्या जंगलात जमिनीखाली कोणकोणती खनिजं आहेत, याचा अंदाज काढायला मला पाठवलं होतं. नकाशावर मी जिथे लाल खूण करीन, तिथली झाडं तोडून तपासणीचे खड्डे घेणार होते. सोबतीला एक वनमजूर मावशी दिल्या होत्या. पन्नाशीच्या, काटक, आणि चढावर मला कायम मागे टाकणाऱ्या.

तीन दिवस नुसता काळा पाषाण आणि मुरूम. मी हातोडीने तुकडा काढायचे, जिभेने ओला करायचे आणि भिंगातून बघायचे. ओल्या दगडाचे कण नीट दिसतात.

"आज कशी हाय चव?" मावशी विचारायच्या.

"कालच्यासारखीच," मी वैतागून म्हणायचे.

चौथ्या दिवशी माथ्यावर सागाच्या झाडीत स्फटिकांची रासच दिसली. पांढरे, गुलाबी, हिरवट. इतक्या जाती एकाच जागी कशा, हा प्रश्न मला पडला, पण आनंदाच्या भरात मी तो बाजूला सारला. लगेच साहेबांना फोन करून "सर, खड्डे इथेच घेऊ" म्हणाले आणि लाल खूण केली. नोकरीतला माझा पहिला शोध. खरं सांगते, मी हरखून गेले होते.

मावशींचा चेहरा उतरला.

"मॅडम, इथं खोदनार?"

"हो. का?"

"हे गोटे इथले नाईत. वावर वखरताना असा चमकनारा गोटा निंगाला का लोक घरी ठेवत नाईत. देवीचा म्हनून इथं आनून ठेवतात. तो गुलाबी माह्या मायनं आनला होता, मराच्या आधी."

मी एक गोटा उचलला. त्याला शेतातली काळी माती चिकटलेली होती. खालची जमीन मात्र तांबड्या मुरमाची. माझे कान तापले. इतकं शिकून मला हे दिसू नये?

मी पुन्हा फोन लावला, चूक कबूल केली, साहेबांची बोलणी खाल्ली आणि खूण खोडली. मग जरा रागानेच मावशींना विचारलं, "मी पहिला फोन करत होते तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगनारच होती," त्या म्हणाल्या. "पन इतक्या दिवसांत तुमी पैल्यांदाच हासून राह्यल्या होत्या. माह्या तोंडातून निंगेना."