घरटी एक माणूस

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम आहे असं मला वाटत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथेही मागच्या बाकावर बसणारा. तरी एका साध्या इंग्रजी शब्दाबद्दल लिहितोय. सेट.

इंग्रजीच्या मॅडमनी प्रत्येकाला एकेक शब्द निवडून त्याचे जमतील तेवढे अर्थ वर्गापुढे सांगायला लावले होते. मी सेट घेतला, कारण डिक्शनरीत तो संपतच नव्हता. सूर्य मावळतो तो सेट, घड्याळ लावायचं तेही सेट, हाड बसवणं, सापळा लावणं. आमच्या वाडीतही तो कधीचा राहायला आलेला. काकीचा कपबशांचा सेट, मुंबईत नोकरीला लागून 'सेट झालेला' मुलगा, आणि स्लॅबचं काँक्रीट, तेही सेट होऊ द्यायचं.

माझी पाळी आली त्याच दिवशी वाडीतल्या नव्या बुद्धविहाराचा स्लॅब होता. अशा कामाला आमच्याकडे घरटी एक माणूस द्यावा लागतो. रांग लावून घमेली हातोहात वर चढवायची. स्लॅब एका दमात पडला पाहिजे. मध्ये खंड पडला तर जोड राहतो आणि पावसात तिथूनच गळतं. बाबा मुंबईला, म्हणजे जाणारा मीच. पण वर्गातल्या या सेमिनारचं ऐकून आई म्हणाली, "परीक्षा हाय ना? मग जा बाबू. मी हाय."

ही परीक्षा नव्हे, असं मी म्हणालो. पण चारचौघांत उभं राहून उत्तरं द्यायची ती परीक्षाच, असं तिचं म्हणणं. मीही फार ताणून धरलं नाही.

वर्गात जेमतेम चार अर्थ सांगितले. पाचव्याला माझा हेल ऐकून पुढचा बाक हसला. काँक्रीटचं वाक्य तयार होतं, ते न बोलताच मी खाली बसलो.

संध्याकाळी पालीला एसटीतून उतरून वाडीत पोचलो. विहारापाशी मंडळी हातपाय धूत होती. वाडीचे अध्यक्ष, आम्ही सगळे त्यांना आजोबा म्हणतो, त्यांनी विचारलं, "काय रे, पेपर कसा गेला?"

"पेपर नव्हता, आजोबा..."

"तोंडी व्हती काय? मग तर कठीणच!"

शेजारची वहिनी हसत ओरडली, "सायेब, तुमच्या वाटची घमेली आज तुमच्या आयशीनं उचलली! स्लॅबच्या त्या कोपऱ्याचं काम चाललेलं तेव्हा चक्कर आली तिला. रांगच थांबली आमची."

"थांबली म्हणजे कितीशी," आई म्हणाली. "पानी पिऊन उठले की." सिमेंटनं तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. "सगळी उत्तरं आली ना?" तिनं विचारलं. मी होकाराची मान हलवली.

पावसाळ्यात मी रत्नागिरीला कॉलेजच्या होस्टेलवर राहायला आलो. पाऊस लागला की तो कोपरा डोळ्यांपुढे यायचा. फोनवर मी आईला कॉलेजचं सांगत राहायचो. विहाराचं विचारायला तोंड उघडत नव्हतं.

काल तिनंच सांगितलं. कोपऱ्यातून पाणी ठिबकतंय. कुणी कुणाला काही बोललं नाही. पाऊस सरला की गळती थांबवायला स्लॅबवर सिमेंटचा कोबा घालायचा ठरलाय, घरटी एक माणूस.

"तुझं नाव दिलंय मी," ती म्हणाली. "तेव्हा परीक्षा नसंल ना?"