बोटीवरून चोरून आणलेली कुत्री आणि माझी चौदा इंजेक्शनं

"कुत्री मेली कधी?" साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"काल सकाळी, साहेब," आमचे हे म्हणाले.

"मग रेबीज धरूनच चालायला हवं." रेबीज म्हणजे कुत्रं पिसाळतं तो रोग. माणसात एकदा उठला की औषध नाही, उठायच्या आत टोचून घ्यायचं, असं त्यांनी समजावलं. माझ्या पोटरीवरची जखम बघता बघता ते थांबले. "कुत्रीला टोचलं होतं?"

"व्हय साहेब. कागद बोटीवर ऱ्हायला."

कागद नव्हताच. हे फौजेत हवालदार. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर इटलीहून परतताना बेला नावाची कुत्री घेऊन आले. बोटीवर कुत्रं आणायचं तर जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासून, टोचून कागद घ्यावा लागे. तपासायला दिली की काढूनच घेतील, असं यांना वाटलं. मग बेला बिछान्याच्या वळकटीतून मुंबईला उतरली. ही मर्दुमकी आमच्या गावी मलकापुरात घरोघर सांगून झाली होती, डॉक्टरांपुढे मात्र खरं सांगायला जीभ रेटेना.

महिन्याभरात बेलाचा आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली. मी भाकरी टाकायला गेले तर तिनं माझी पोटरीच धरली. घरच्यांनी जखमेत मिरचीपूड भरली. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, मला सात विहिरींत डोकावायला घेऊन निघाल्या. पाण्यात कुत्रं दिसलं तर माणूस गेलं, स्वतःचं तोंड दिसलं तर वाचलं, अशी आमच्याकडची समजूत. सातही ठिकाणी माझंच घामेजलेलं तोंड दिसलं. सगळे निर्धास्त झाले. तिसऱ्या दिवशी बेला मेली, तेव्हा कुठं डोळे उघडले.

चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायची माझी छाती नव्हती. पण बाहेर व्हरांड्यात आत्याबाईंच्या मांडीवर माझी पाच महिन्यांची शालन होती.

"आवं, खोटं कशाला बोलता?" मी म्हणाले. "कागद न्हाई, डॉक्टरसाहेब. चोरून आणलीया."

यांनी मान खाली घातली. "बरं झालं बोललात," डॉक्टर म्हणाले. "टोचलेली म्हणजे दुसऱ्याच रोगानं मेली असं समजून मी आणखी चार दिवस थांबलो असतो. चौदा इंजेक्शनं, रोज एक, पोटात. एकही दिवस चुकवायचा नाही."

आम्ही साताऱ्यातच मावशीकडे राहिलो. सुई चांगली लांब. पाचव्या दिवशी पोट असं सुजलं की लुगड्याची गाठ सैल बांधावी लागली. त्याचं मला काही वाटलं नाही. खरं दुखणं वेगळंच होतं. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी शालनला माझ्यापासून तोडलं. "दुधातनं इख जाईल," म्हणाल्या, आणि पोरीला शेळीचं दूध सुरू केलं. तसं काही होत नाही, खुशाल पाजा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण खरं सांगायचं तर मलाही धीर होईना. दूध आटू नये म्हणून रोज वाटीत पिळून टाकायची. पलीकडच्या खोलीत पोर रडायची, आणि माझी चोळी भिजायची. तेवढी मी कधीच रडले नव्हते.

हे रोज दवाखान्यापर्यंत सोबत यायचे. सातव्या सुईला म्हणाले, "माझ्यामुळं झालं गं." मी म्हटलं, "व्हय, तुमच्यामुळंच." त्यानंतर आमचं बरं जमलं.

तुमच्यापैकी कुणाला कुत्रं चावलं तर जखम साबणानं भरपूर धुवा, तिखट भरू नका, आणि थेट दवाखाना गाठा. परमुलखातून कुत्रं आणायचं असेल तर टोचून, कागद घेऊनच आणा. आणि डॉक्टरांपुढे लाज सोडून खरं तेच सांगा. त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

चौदावी सुई झाली. "आता जा घरी, जिंकलात," डॉक्टर म्हणाले. मी व्हरांड्यात आले आणि कुणाला न विचारता आत्याबाईंच्या मांडीवरून शालनला उचललं. तिथंच बाकावर बसले. कुत्रं चावलेली माणसं, त्यांचे नातेवाईक, सगळे बघत होते. मी पोरीला छातीशी घेतलं. तिनं थोडं तोंड फिरवलं, मग ओळख पटली आणि घटाघटा प्यायला लागली.

आत्याबाई ताडकन उठल्या. आता ओढून घेतात की काय, म्हणून मी हात घट्ट केले. त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, लोकांकडे पाठ केली आणि आपला पदर पसरून आम्हा दोघींना आडोसा धरला.

"पाज निवांत," म्हणाल्या. "मी हाय हितं."