माइक मी पुसला

"माइक पुसून घ्या," क्लबचे सेक्रेटरी म्हणाले.

मी ऐकलं नाही असं दाखवलं. माझ्या हातात केबल होती. ती मी गुंडाळत राहिलो.

"राव, तुम्हालाच सांगतोय. बेबी गाण्याआधी माइक पुसा. नुसत्या फडक्यानं नको. ऑफिसात औषधांची पेटी आहे, तिच्यात स्पिरिट आहे, कापूस आहे."

यमुना माइकपासून चार हातांवर उभी होती. तिचं गाणं नुकतंच संपलं होतं. सेक्रेटरी इंग्रजीत बोलत होते, पण यमुना मिशनच्या शाळेत शिकलेली. इंग्रजी तिला माझ्यापेक्षा बरं येत होतं. तिनं शब्दन् शब्द ऐकला.

त्या दुपारच्या तालमीत त्याच माइकवर एका वकिलाचा मुलगा गाऊन गेला होता. एका डॉक्टरांनी विनोद सांगितले होते, माइकवर खोकलेही होते. त्यांच्यानंतर काही पुसलं गेलं नव्हतं.

मी ऑफिसात गेलो. पेटी उघडली. कापूस भिजवला. परत येऊन सगळ्यांसमोर माइक पुसला. जाळी पुसली. दांडा पुसला. तिनं जिथं धरला होता तिथं दोनदा पुसला.

मग बेबी आली. कॉफीच्या मळेवाल्यांची मुलगी. सगळा क्लब तिला बेबीच म्हणायचा. तिनं माइक नाकाशी धरला आणि हसली. "दवाखान्याचा वास येतोय!"

सगळे हसले. मीही हसलो.

आज माझं वय ऐंशीच्या पुढं आहे. दवाखान्यात माझ्या दंडावर कुणी कापूस घासला की मी डोळे मिटतो. नर्सला वाटतं, म्हातारा सुईला घाबरतो.

यमुना कोण होती ते सांगितलं पाहिजे. आमचं घराणं जुन्या म्हैसूर संस्थानच्या घोडदळातलं. पिढ्यान् पिढ्या म्हैसूर शहरातल्याच नजरबादेत राहिलेलं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. यमुनाचं घराणंही त्याच घोडदळाबरोबर आलेलं. आमचे लोक घोड्यावर बसायचे, तिचे लोक जिनं शिवायचे. घोडदळ गेलं, संस्थान गेलं, राज्याचं नावसुद्धा बदलून कर्नाटक झालं. पण आयुधपूजेच्या दिवशी तिचा बाप आमच्याकडं यायचाच. आजोबांच्या तलवारीचा, वर्षभर त्याच्याकडंच राहणारा पट्टा तेल लावून, चकचकीत करून आणायचा. मागच्या अंगणात उभा राहायचा. आई पायरीवरून पट्टा उचलून घ्यायची, त्याच्या हातातून कधीच नाही. त्यावर पाणी शिंपडून मग तो देवापुढं जायचा. तिचा बाप आम्हा सगळ्यांना 'धनी' म्हणायचा. मला दाढीमिशा फुटल्या नव्हत्या तेव्हाही मी धनीच होतो.

मी गिटार घेतली त्या वर्षी त्यानं मला गिटारचा पट्टा शिवून दिला. जिनाच्या कातड्याचा, दुहेरी टाक्यांचा. "घोडा उधळला तरी हा तुटायचा नाही, धनी," म्हणाला. तलवारीशेजारी गिटार पूजेला ठेवली. पट्ट्यावर पाणी शिंपडलं गेलं.

रेसकोर्सच्या तबेल्यामागं एक पत्र्याची खोली होती. तिथं आमच्या बँडची तालीम चालायची. यमुना बापाचा डबा घेऊन यायची आणि दाराशी उभी राहून ऐकायची. माझ्याकडं परदेशी रॉक गायिकांच्या तीन-चार रेकॉर्डी होत्या. चर्चस्ट्रीटवर बंगळूरला जुन्या घेतलेल्या, ओरखडे पडलेल्या. त्यातली एक बाई अशी गायची की जणू गळ्यात वाळू अडकली आहे. आमच्या ड्रमरला ती अजिबात आवडत नसे. "हिला आधी खोकल्याचं औषध पाजा रे," म्हणायचा.

एक दिवस दारातून यमुना म्हणाली, "अण्णा, ती बाई गात नाही. ती सांगतेय."

"काय सांगतेय?"

"ते तिलाच ठाऊक. पण खोटं नाही सांगत, हो ना, अल्वा?"

मग तिनं ते गाणं म्हणून दाखवलं. बाहेर बांधलेल्या घोड्यांनी कान टवकारले. हे मी रचून सांगत नाही. मी दारातून पाहिलं. ड्रमरनं काठ्या मांडीवर ठेवल्या आणि बराच वेळ उचलल्या नाहीत.

वर्षभर ती आमच्याबरोबर गायली. लग्नात, कॉलेजांत, चर्चच्या जत्रेत. मला 'अण्णा' म्हणायची. तिनं गायला सुरुवात केली की गिटारकडं कुणी बघत नसे. हे मला बोचायचं. हेही लिहून ठेवतो, कारण पुढं जे केलं ते नुसतं भीतीपोटी केलं असं म्हणणं खोटं होईल. घरी वडील विचारायचे, "जीनवाल्याच्या पोरीच्या मागं उभा राहून वाजवतोस?" त्यातला 'मागं' हा शब्द मला रात्रंदिवस टोचायचा.

दसऱ्यात क्लबचा कार्यक्रम होता. बंगळूरहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस येणार होता. त्याला एक मुलगी निवडायची होती. दोघीच होत्या, यमुना आणि बेबी. यमुनानं दोन महिने त्या एका गाण्यावर घालवले. तिच्या बापानं तिला जुन्या कातड्याच्या नव्या चपला शिवल्या. ती निवडली गेली तर बंगळूरला जाणार होती. नाही तर तबेल्यातल्याच एका मोतद्दाराशी तिचं लग्न ठरत होतं.

तालमीनंतर सेक्रेटरींनी मला व्हरांड्यात बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. "राव, नाताळापर्यंत दर शनिवारचं काम तुमच्या बँडला द्यायचा विचार आहे. बेबीच्या वडिलांनाही तुमचं वाजवणं आवडतं. आज पाहुण्यांसमोर काही विचित्र व्हायला नको. ती जीनवाल्याचीच मुलगी ना? तो माझ्या घोड्याचं काम करतो. बघा तुम्ही."

एवढंच. काय बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही. पुढचं माझं.

गिटारला कॅपो म्हणून एक चिमटा असतो. तो तारांवर आवळला की पट्टी चढते. एकेक घर पुढं सरकवलं की गाणं तेवढं वर जातं. यमुनाच्या गाण्याला कॅपो लागत नसे. त्या संध्याकाळी मी तो तिसऱ्या घरात आवळला. बेसवाल्याला सांगितलं, "तिनंच वर मागितलंय." तो म्हणाला, "वेडी आहे काय? वरची ओळ फाटेल." मी म्हणालो, "सुम्ने वाजव." गुमान वाजव.

गाणं खालून सुरू व्हायचं. म्हणून पहिल्या दोन ओळी निभावल्या. तिथंच तिला कळलं. तिनं मान वळवली. माझ्या चेहऱ्याकडं नाही, माझ्या डाव्या हाताकडं पाहिलं. कॅपोकडं पाहिलं. थांबता आलं असतं. हात वर करून पुन्हा सुरू करता आलं असतं. तिनं तसं केलं नाही.

वरची ओळ आली. आवाज फाटला.

पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्स केलं. मी वाजवत राहिलो. तिनं तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा फाटला. आता लोक उघड हसत होते. तिनं तिसऱ्यांदा तीच ओळ घेतली आणि या वेळी फाटलेला आवाज सावरायचा प्रयत्नच केला नाही. तो तसाच, फाटका, वर नेला. ओळ पूर्ण केली.

हसणं थांबलं. टाळीही पडली नाही. एका बाईनं हातातला ग्लास खाली ठेवला, त्याचा आवाज मला स्टेजवर ऐकू आला.

मी चाळीसहून जास्त वर्षं गाणं आणि गिटार शिकवली. श्वास कसा घ्यावा, सूर कसा स्वच्छ लावावा, वरच्या जागी गळा कसा राखावा. मोठा आवाज म्हणजे हेच, असं शेकडो मुलामुलींना सांगितलं. इथल्या गोकुलममध्ये योग शिकायला येणाऱ्या परदेशी पोरींनासुद्धा. खोटं सांगत होतो. मोठा आवाज मी एकदाच ऐकला आणि तो मीच फाडला होता.

गाणं संपल्यावर ती माइकमध्येच बोलली. मराठीत. त्या हॉलमध्ये मराठी समजणारा मी एकटाच होतो.

"धनी, पट्टी तुम्ही चढवलीत."

तिनं मला धनी म्हणण्याची ती पहिली वेळ.

ती माझ्यासमोर आली. "आमच्या बापाचा पट्टा तेवढा परत द्या." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं गिटारच्या दोन्ही टोकांची बटणं सोडली. मी गिटार दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभा राहिलो. तिनं पट्टा हाताला गुंडाळला. आम्ही वाजवणारे क्लबमध्ये स्वयंपाकघराच्या दारानं यायचो-जायचो. ती स्टेजवरून खाली उतरली, खुर्च्यांच्या मधून चालत गेली आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. दारावरच्या माणसानं सवयीनं तिच्यासाठी दार उघडलं.

मी केबलवाल्या खोक्यावर बसलो. कॅपो काढला. माइक पुसला. बेबीसाठी वाजवलं.

नंतर बंगळूरच्या पाहुण्यानं मला विचारलं, "त्या पहिल्या मुलीला काय झालं?" त्याचा चेहरा मला आठवतो. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

"घाबरली, सर," मी म्हणालो. "सवय नाही त्यांना."

त्यांना. हा शब्द माझा.

बेबीची रेकॉर्ड निघाली. चांगली होती. स्वच्छ. आम्हाला शनिवारचं काम मिळालं, नाताळापर्यंतच नाही, पुढं अकरा वर्षं. पट्टा मी पुन्हा घेतला नाही. तेव्हापासून बसूनच वाजवतो. लोकांना वाटतं कंबर दुखते. पुढच्या आयुधपूजेला यमुनाचा बाप आला नाही. वडील मागच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आले. तलवार तशीच, पट्ट्याविना पूजेला बसली.

त्याच वर्षी नाताळच्या सुमारास एका शनिवारी मी माइकवर पुढच्या गाण्याचं नाव सांगितलं. बेबी आली. तिनं पायापाशी ठेवलेला कापूस घेतला. माझ्यानंतर माइक पुसला. अगदी सहज. गप्पा मारत मारत. आता ती रीत झाली होती आणि रीतीत मीही आलो होतो.

घोडदळातलं घराणं. तलवार. धनी. कापसाच्या एका बोळ्यात सगळं निघून गेलं.

त्या क्षणी मी उठायला हवं होतं. यमुना उठली तशी. मी पुढचं गाणं सुरू केलं. मला सगळं समजलं होतं आणि समजूनही मी अकरा वर्षं त्या खोक्यावर बसून राहिलो.

त्यानंतर यमुना मला एकदाच भेटली, कितीतरी वर्षांनी. सरकारी इस्पितळात, इंजेक्शनच्या रांगेत. पांढऱ्या साडीतली सिस्टर. केस पिकलेले. मी ओळखलं. तिनं माझा दंड धरला आणि स्पिरिटचा बोळा घासला. दोनदा.

"यमुना," मी मराठीत म्हणालो. "ओळखलंस?"

"कै सडिल बिडी," ती कन्नडात म्हणाली. हात सैल सोडा. जशी कुठल्याही रोग्याला म्हणेल तशी. सुई टोचली, काढली.

"यमुना, त्या दिवशी मी..."

"मुंदे यारु?" तिनं माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. पुढचं कोण?

मी बाजूला झालो. बाहेर आयाला विचारलं, "सिस्टर कधी गाणं म्हणतात का?"

"सिस्टर?" आया हसली. "अय्यो, ती मोठ्यानं बोलतसुद्धा नाही."

ते ऐकून मी घरी आलो. तेव्हापासून मी गिटारचं तिसरं घर दाबू शकत नाही. बोट तिथं गेलं की ती ओळ ऐकू येते. पहिल्यांदा फाटलेली. दुसऱ्यांदा फाटलेली. तिसरी येते तेव्हा मी गिटार खाली ठेवतो.

गेल्या महिन्यात अग्रहारातली एक मुलगी माझ्याकडं आली. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आमच्यातलीच, पण मराठी तुटकं. क्लबचा मोठा समारंभ आहे, त्यासाठी ती पुस्तिका करते आहे.

"अंकल, जास्त नको. तुमच्या फेव्हरिट पाच फीमेल रॉक सिंगर्स आणि मोठा आवाज म्हणजे काय, ते थोडं लिहा. आणि समारंभात दोन मिनिटं बोला, चालेल ना, आय्ता?"

तिनं छापायला गेलेली पानं दाखवली. बेबीवर चार पानं. त्यात एक ओळ होती: त्या संध्याकाळी दुसरी एक स्थानिक मुलगीही गायली, पण ऐन वेळी ती घाबरली आणि तिचा आवाज टिकला नाही.

"हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुम्हीच, अंकल. जुन्या पेपरात तुमची मुलाखत आहे ना."

खरं होतं. मीच. आयुष्यभर मीच सांगत आलो होतो. यमुनाबद्दल या गावात एकच ओळ छापून राहिली आहे आणि ती माझी आहे.

इस्पितळात चौकशी केली. सिस्टर गेली. किती वर्षं झाली ते कुणाला नीट सांगता आलं नाही. मुलंबाळं कुठं आहेत तेही नाही. म्हणजे माफी मागायला कुणी उरलं नाही. बरंच झालं. माफी मिळाली असती तर मी हे लिहिलं नसतं.

पाच नावांच्या यादीत मी एकच नाव लिहून दिलं आहे. मुलगी म्हणाली, "पण हिची रेकॉर्ड कुठं आहे, अंकल?" मी म्हणालो, "नाही. का नाही, ते याच पानांत आहे. छापायचं तर हे पूर्ण छापा. नाही तर माझं नाव पुस्तिकेतून काढा." ती पानं घेऊन गेली आहे; या शेवटच्या ओळी नंतरच्या. अजून फोन नाही. न छापलं तरी समारंभातली दोन मिनिटं माझ्याकडं आहेत. माझ्या नावासकट पत्रिका छापून गेली आहे.

मी पुढच्या दारानं आत जाईन. गिटार नेणार नाही. उभा राहून बोलेन. ती घाबरली नव्हती, हे पहिलं वाक्य. कॅपो मी लावला होता, हे दुसरं. माइक मी पुसला होता, हे तिसरं. ज्यांना उठून जायचं आहे त्यांनी जावं. कुणी कापूस घेऊन पुढं आलं, तर तिचं नाव तीनदा घेऊन होईपर्यंत माइक माझ्या हातातून सुटणार नाही.