गेरूची रेघ

काही वर्षांपूर्वी नालवाडीत आमच्या गल्लीत नाल्याचं पाणी शिरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी एक माणूस सायकलवर आला. हँडलला गेरूचा डबा. पलीकडच्या वस्तीत त्याचं किराणा दुकान होतं म्हणे. हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं. प्रत्येक भिंतीपाशी तो उकिडवा बसे, चिखलाच्या वरच्या कडेवर बोट टेकवी आणि तिथे ब्रशनं रेघ ओढी.

माझ्या कंपाउंडचा रंग नवा होता. मी चिडलो. "काऊन भिंत खराब करून राह्यले?"

"राग नोका येऊ देऊ भाऊ," बोटं पँटला पुसत तो म्हणाला. "पानी उतरलं का सारे विसरून जाते. उद्या नवा मानूस घर बांधाले आला, तं त्याले कोन सांगन?"

"मी सांगतो न."

"मंग ठीक आहे," म्हणाला, पण रेघ पूर्ण करूनच उठला. मी ती संध्याकाळीच रंगवून टाकली, दिवाळीपर्यंत बाकीच्यांनीही.

यंदा शेजारच्या प्लॉटवर एक जोडपं घर बांधतंय. बाईनं विचारलं, "काका, इथं पाणी कुठवर येते? जोतं त्याच्या वर घेऊ."

मी उत्साहानं भिंतीपाशी गेलो. हात गुडघ्याशी धरला, मग जरा वर, मग पुन्हा खाली. ती टेप उघडून, माझा हात थांबायची वाट बघत उभी होती.